कव्हरवरचं नाव

छपाई बाराला सुरू होणार होती आणि सव्वाअकरा वाजून गेले होते. कव्हरवर मूळ लेखकाचं नाव ठसठशीत होतं. सातशे पानांचं भाषांतर करणाऱ्या वहिनीच्या नावाचा मात्र पत्ताच नव्हता.

"लेखी ठरलं असेल तर दाखवा, लगेच टाकतो," प्रकाशक फोनवर मधाळ आवाजात म्हणाला होता.

लेखी होतं, याबद्दल वहिनी ठाम होती. पण तिची सगळी जुनी पत्रं, म्हणजे ईमेल, फक्त लॅपटॉपवर, आणि ती ज्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, लिहायची त्यातच मेलच्या प्रोग्रॅमने जोडून दिलेल्या एका ॲड-ऑनने उघडायची. कालच धाकट्या दिराने मोठ्या तोऱ्यात तिला नवा लॅपटॉप लावून दिला होता. आता एडिटर म्हणत होता, असा ॲड-ऑन इथे नाहीच. प्रोग्रॅम बसवून देणारा पॅकेज मॅनेजर म्हणत होता, मेलचा प्रोग्रॅम व्यवस्थित बसवलाय.

"भावोजी, गेली का हो माझी पत्रं?"

"पत्रं आहेत वहिनी, जागच्या जागी. उघडणारा गायब आहे." धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फाइली थेट उघडल्या तर नुसती गिचमीड दिसत होती.

शेवटी त्याने कालच्या इन्स्टॉलेशनची नोंद ओळीओळीने वाचली. 'एडिटर सापडला नाही, जोडणी वगळली.' त्याने कपाळावर हात मारला. वहिनीचा जीव पत्रांत, म्हणून त्याने कौतुकाने मेलचा प्रोग्रॅम सगळ्यात आधी टाकला होता, एडिटर नंतर. तेव्हा जोडायला एडिटर होताच कुठे!

त्याने प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवायला घेतला. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. 

अकरा सत्तेचाळीसला पत्रं उघडली. प्रकाशकाचं सापडलं: 'कव्हरवर तुमचं नाव टाकायचं ना?' खाली वहिनीचं उत्तर: 'नाही टाकलंत तरी चालेल.'

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, हे नका पाठवू. तुमच्याच गळ्याशी येईल."

वहिनीचे डोळे भरून आले होते. ते तिने पदराने पुसले आणि तेच पत्र जोडून लिहिलं, 'विचारलं होतंत, हे लेखी आहे. तेव्हा भिडेपोटी चालेल म्हणाले. आता चालणार नाही.'

अकरा छप्पनला फोन वाजला. वहिनीने तो पहिल्याच रिंगला उचलला.

"हो, मीच बोलतेय," ती म्हणाली. "नाव लिहून घ्या."