दूध पूर्वेला गेलं

सांगलीतला आमचा फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक जण आधी जिन्यात थांबायचा आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचा. आबा चौथ्या पायरीवर बूट टेकवायचे. "हितपर्यंत. आपण दुसऱ्या मजल्यावर हाय." मग माणसं वर यायची, दोन खोल्या बघायची, लिफ्ट नाही म्हणायची आणि "कळवतो" म्हणून निघून जायची. कुणीच कळवत नव्हतं. आसपासच्या नव्या इमारतींतले फ्लॅटही रिकामे पडून होते.

मला साताऱ्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा आई-आबाही माझ्यासोबत तिकडे आले. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. आता तिथल्या घरमालकाला दसऱ्याच्या आत भाड्याचं घर रिकामं हवं होतं, आणि सांगलीचा फ्लॅट विकला गेल्याशिवाय साताऱ्यात स्वतःचं काही घेणं शक्य नव्हतं.

अशात एजंट भाऊसोचा फोन आला. "सृष्टी मॅडम, गिऱ्हाईक पक्कं हाय. कुंडलच्या हरणाबाई. नातू कुपवाडात कामाला, त्याच्यासाठी घेत्यात. पाण्याचं सुदिक विचारलं न्हाई!"

रविवारी मी आणि आबा सकाळीच पोचलो. शेवटचं गिऱ्हाईक येऊन गेल्यापासून फ्लॅट बरेच महिने बंद होता. मी बाथरूम धुतलं, पण पाणी जाळीकडे जाईना. ते पूर्वेच्या कोपऱ्यात साचून राहिलं. खराट्यानं ढकललं, तर पुन्हा तिथंच परत आलं. बेडरूमचं दार उघडलं की आपोआप मिटायचं. पूर्वेची खिडकी उघडली तेव्हा शेजारच्या प्लॉटवर नवा खड्डा दिसला. तळघरासाठी खोल खणला होता. पंपानं त्यातलं गढूळ पाणी उपसून गटारात सोडत होते. आमच्याखाली तीच काळी माती होती. पाणी गेलं की ती आक्रसते. मी खिडकी लावून घेतली. पंपाचा आवाज तरीही येत राहिला.

हरणाबाई आल्या. सोबत नातू शिवतेज, आणि त्याच्या कडेवर नुकतीच चालायला लागलेली मुलगी. हरणाबाईंच्या पिशवीत दुधाची बाटली आणि पितळी पातेलं होतं.

"हे कशाला?" आबांनी विचारलं.

"आवं सायेब, आमच्यात आधी दूध उतू जातंय, मग विसार. मागल्या खेपंला नुसतं कागद बघून जागा घेतली. पस्तावलो."

"आजी, दूध उतू घालवायचं ते गृहप्रवेशाला," भाऊसो म्हणाला.

"तवा वंगाळ निघालं, तर तू घेनार हायस व्हय रं माघारी?"

ओट्यावर जुनी शेगडी होतीच. हरणाबाईंनी पातेलं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. सगळे ओट्याभोवती उभे राहिलो. साय फुगली, थरथरली, आणि दूध एकाच बाजूनं काठावरून खाली आलं. ओट्यावर उतरलं आणि सरळ पूर्वेच्या भिंतीकडे निघालं.

"आगं बाई!" हरणाबाईंनी हात जोडले. "उगवतीला गेलं. एक थेंब हिकडंतिकडं न्हाई."

आबांचा चेहरा बदलला. ओट्याचं बेसिन पश्चिमेला आहे. ओट्यावरचं पाणी बेसिनमध्ये जावं म्हणून आबांनी गवंड्याजवळ उभं राहून तिकडे उतार काढून घेतला होता. फौजेत त्यांनी पूल बांधले होते. आम्ही राहायला आलो तेव्हा आमचंही दूध उतू गेलं होतं, ते पश्चिमेला. आईला त्याची रुखरुख अजून होती.

आबांनी पेलाभर पाणी ओट्यावर ओतलं. तेही बेसिनकडे पाठ करून दुधामागून गेलं.

तोवर हरणाबाईंनी विसाराचं पाकीट आबांच्या हातात ठेवलं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं. "सांग, तुला काय दिसतंय ते."

मी सांगितलं. इमारत पूर्वेकडे कलते आहे, किती ते मोजायला हवं, पण या घरात लहान मूल आणू नका. बाथरूमही दाखवलं. शिवतेजनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

हरणाबाई हसल्या. "लेकी, जादा देनारं गिऱ्हाईक आलंय व्हय? तसं सांग की सरळ. दुधानं कौल दिला, आन् तू घरच वाकडं म्हनतीस?"

"आजी, कौल दुधाचा नाही, उताराचा आहे."

"शिकलेल्या बाईनं असं खोटं बोलू नये."

आबांनी पाकीट परत केलं. हरणाबाईंनी ते पदराखाली घातलं आणि रागानंच जिना उतरल्या. शिवतेज दारात घुटमळला. "आजी ऐकत न्हाई हो कुणाचं," म्हणाला आणि मागोमाग गेला.

खाली सोसायटीचे चेअरमन वीरधवल राहतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार पुढं ओढलं. "अर्ज करा, तपासणीला बोलवा, माझी ना न्हाई. पन बोभाटा नको. हितं आज ना उद्या सगळ्यांनाच इकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेत तपासणीचा अर्ज देऊन साताऱ्याला परतलो. घरमालक फाटकापाशीच उभा होता. फ्लॅटचं काय झालं, असं त्यानं विचारलं. आबा म्हणाले, "न्हाई जमलं."

तपासणीला कुणी यायच्या आधी भाऊसोचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॅडम, तुमी नको म्हटलं, पन म्हातारीचं काम झालं बघा. तुमच्या डोक्यावरचा, तिसरा मजला."

मी उठून उभी राहिले. "दूध?"

"आवं, तिथंबी उगवतीलाच! तुमच्यापरीस जोरात गेलं. म्हातारीनं जाग्यावर विसार दिला. खरेदी हुईल सवडीनं, मालकानं आजच किल्ली दिली."

"भाऊसो, शिवतेजला फोन द्या. आत्ता."

"त्यो खाली टेम्पो लावतोय, सामान चढवायचंय." त्याच्या मागं पंपाची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. "आन् पोरगी तर खिडकीतनं हलंना. खाली मशीन चाललंय न्हवं, लय आवडलंय तिला."