कोरम नसलेली सभा

"कोरम न्हाई. सभा तहकूब!" ग्रामसेवकानं रजिस्टर मिटलं, तशी गावातली पुरुषमंडळी धोतरं झटकत उठली. सरपंच संपतरावांनी चपला पायात सरकवल्या. तांड्याची नीलाबाई मात्र सतरंजीवरून हलली नाही.

दर सभेला हेच. कोरम नाही म्हटलं की तांड्यातल्या बायकांना वाटायचं, सभा मोडली. त्या ओढा ओलांडून घरी जायच्या आणि मागं चारदोन डोकी हवा तो ठराव करून मोकळी व्हायची. आज तांड्याची अंगणवाडी गावात हलवायचा विषय होता. मागच्या पावसाळ्यात त्या ओढ्यानं धडधाकट म्हैस ओढून नेली, तिथं नीलाबाईच्या नातीची, इवल्याशा पूजाची, काय कथा!

"कोरम म्हंजी काय वो सायब?"

"सभेला शंभर माणसं लागतात, मावशी. तेवढी न्हाईत. चहा झाला की पुन्हा बसतो."

"तवर शंभर जमतील व्हय?"

"तवा कोरम लागत न्हाई," ग्रामसेवक बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

संपतराव हसले. "काहून तकलीफ घेता, नीलाबाई? घरी जा, सैपाक पडला असंल."

नीलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सैपाक ऱ्हाऊ द्या. आमच्या तांड्यात नायकाची बैठक बसली, की निकाल लागल्याबिगर कोणी उठत न्हाई."

मागं पारुबाई, शीला आणि बाकीच्या बायका जायला उभ्या राहिल्या होत्या. नीलाबाईनं पारुबाईच्या घागऱ्याला हिसका दिला.

"बस खाली!"

पारुबाई बसली, तशा सगळ्याच बसल्या.

चहा पिऊन पुरुषमंडळी नेहमीसारखी परस्पर घरी गेली. हक्काचे चार जण घेऊन संपतराव परतले आणि दारातच थबकले. अर्धी सतरंजी तांड्यानं भरली होती.

"आज ऱ्हाऊ द्या," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "कोरम न्हाई."

"आता लागत न्हाई म्हणले की सायब," नीलाबाई म्हणाली. "वाचा विषय."

ग्रामसेवकानं घाम पुसला आणि विषय वाचला. अंगणवाडी हलवायच्या बाजूनं पाच हात वर झाले. मग त्यानं विरोधात कोण ते विचारलं, आणि खोलीभर बांगड्या खळखळल्या.

मोजणी सुरू होताच संपतराव चपला शोधू लागले.

"बसा, सरपंच," नीलाबाई म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. "निकाल लागू द्या."