बोलणं तोडणारा काटा

आग लागो त्या कनेक्शनला! धरणगावच्या कौतिक आबांच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्याला नवा कॉम्प्युटर जोडला. कापसाच्या गाडीचं वजन जळगावला माझ्या सर्व्हरकडे जाणार, तिथून होकार आला की पावती छापणार. मी उभी होते तोवर सगळं गुण्यागोविंदानं चाललं. जळगावला पोचते न पोचते तोच आबांचा फोन.

"मेघा, तुन्हं यंत्र बोलता बोलता फोन आपटस!"

अख्खा दिवस सर्व्हरशी डोकं फोडलं. राउटरचा, इंटरनेटवाल्याचा, सगळ्यांचा उद्धार केला. नोंदी मात्र सांगत होत्या की तोडतंय ते धरणगावचं टोक. त्यात पुण्याची एक कंपनी मागे लागलेली, नोकरीवर येताय की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. आबा माझं पहिलंच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं की गाशा गुंडाळायचा आणि पुणं गाठायचं. मला नव्हतं हो जायचं!

सकाळी तडक धरणगाव गाठलं. फाटकापर्यंत गाड्यांची रांग, गाडीवाले माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.

"आज नही जमनं त उचली लई जाय," आबा म्हणाले.

कॉम्प्युटर उघडला. त्याची तक्रार स्पष्ट होती. बोलणं गुप्त राहावं म्हणून माझा सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो. ते मी गेल्याच आठवड्यात काढलेलं. आणि हा पठ्ठ्या म्हणत होता, हे ओळखपत्र अजून निघालेलंच नाही, खोटं आहे! मी कोपऱ्यातली तारीख बघितली. गणेश चतुर्थीची! ती होऊन तर दोन आठवडे झाले.

"आबा! तारीख कोणी बदलली?"

"मीच मांगे करी," आबा छाती काढून म्हणाले. "कापूसना मुहूर्त चतुर्थीना राहस. तुन्हं मशीन उनं पित्तरपाटामा. पित्तरपाटामा काटा चालू करसू का मी?"

पितृपक्ष लागला म्हणून तारीखच मागे! मी कपाळावर हात मारला. "अहो, आजची तारीख लावल्याशिवाय ते बोलणारच नाही!"

"मंग नको बोलू दे."

संपलं! रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात आबांच्या पत्नी, लताअक्का, चहा घेऊन आल्या.

"अहो, मुहूर्त त व्हई गया ना! पहिलं वजन चतुर्थीनं शे. आते बठ्ठं चालू काम शे, नवं नही. गाड्या दखा दारमा!"

आबांनी फाटकातल्या गाड्यांकडे बघत मिशी कुरवाळली. मग होकारार्थी मान डोलावली. मी घाईघाईनं आजची तारीख लावली. अडकलेलं पहिलं वजन चतुर्थीच्या तारखेसकट जळगावला गेलं आणि पावती खरखरत बाहेर आली. त्यानंतर कनेक्शन एकदाही तुटलं नाही. देवाशपथ, मी अक्कांना मिठीच मारली.

"धुळ्याले मन्हा भाऊनी जिनिंग शे," आबा म्हणाले. "त्याले बी असंच पाहिजे. उद्या जाय."

"पितृपक्षात नवं काम, आबा?"

"त काय? तारीख मांगे करी टाक. आते तुले करता येस!"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तिथेच, कापसाच्या ढिगाला टेकून, मी पुण्याला कळवून टाकलं की येत नाही.