एकोणतिसाव्या पानावरचा गळ

"पुन्हा माळा!" आर्डिसने पुस्तक टेबलावर आपटलं, तशी लिंबाच्या वड्यांची बशी जागची हलली. "पुन्हा माळ्यावरची पेटी, पेटीत पत्रं, पत्रांना निळी रिबीन. यांच्या घरात कोणी झाडलोट करतं की नाही? जन्मभर पेटी पडून असते आणि एकीच्याही नजरेला पडत नाही!"

"अगं, पण शेवट किती गोड आहे," मार्लिस म्हणाली. तिच्या मुठीत कागदी रुमालाचा बोळा होता. "तळ्याकाठी दोघी बसतात काय, आई सगळं सगळं सांगते काय... मी तर ढसाढसा रडले."

"तू विम्याच्या जाहिरातीलासुद्धा रडतेस."

बायका हसल्या. मार्लिसही हसली, कारण ते खरं होतं. गावच्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर महिन्याला हा वाचनाचा घोळका जमायचा. बाहेर बर्फाचे ढीग गाड्यांच्या उंचीचे झालेले, आत पाणचट कॉफी आणि कुणीतरी केलेल्या वड्या. पुस्तकं लायब्ररीतली पोरगी टेसा निवडायची, आणि तिची निवड म्हणजे ठरलेली: मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, आत आई, मुलगी आणि घरातलं एक गुपित.

"बरं, प्रश्न चौथा," टेसाने पुस्तकाच्या शेवटी छापलेले प्रश्न उघडले. "नायिकेच्या जागी तुम्ही असता, तर आईला क्षमा केली असती का?"

"हे आणखी एक!" आर्डिस म्हणाली. "पुस्तक संपलं की मागे परीक्षा. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. पोरांना मॅकरोनी वाढली, ती खाऊन काय वाटलं म्हणून कधी कुणाला विचारलं नाही."

"मग वाचतेस तरी कशाला बाई?" मार्लिसने विचारलं. ती दर खेपेला विचारायची.

"हिवाळा लांब असतो," आर्डिस म्हणाली. तीही दर खेपेला हेच म्हणायची.

ही थाप होती. आर्डिस ती पुस्तकं का वाचत होती, ते सांगायचं तर आधी खुणांचं सांगायला हवं. त्या गावांकडच्या म्हाताऱ्या बायकांची जुनी खोड. लायब्ररीचं पुस्तक वाचून झालं की एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी आणलं जात नाही. आर्डिसची आई एकोणतिसाव्या पानावर आकड्याभोवती गोल काढायची. एकोणतीसच का, ते ती सांगायची नाही. आर्डिस त्याच पानावर आकड्याखाली रेघ मारायची. आणि तिची मुलगी रोंडा वाचायला लागली तेव्हा तिने मासे धरायचा गळ काढला. बापाबरोबर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसणारी पोर, तिला दुसरं काय सुचणार!

रोंडा आता शेजारच्या गावात राहत होती. डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी. आईशी बोलणं बंद करून तिला कितीतरी हिवाळे झाले होते. पण लायब्ऱ्यांची पुस्तकं एका व्हॅनमधून गावोगाव फिरत, आणि त्यातल्या काहींत एकोणतिसाव्या पानावर गळ असे. आर्डिस कपाटापुढे उभी राहून पुस्तक उघडायची, गळ दिसला तर घरी न्यायची. नाहीतर त्या पाठमोऱ्या बायांना तिने हातही लावला नसता.

भांडण झालं ते एका भेटवस्तूवरून. कुणा शहाण्याने नाताळात रोंडाला ती नळी दिली. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, मग ते लोक तुमचे पूर्वज कळवतात. लोक भेट म्हणून थुंकायला देतात! रोंडाला पूर्वज कळलेच, आणि ज्याला ती बाबा म्हणत आली तो मर्ल तिचा बाप नव्हता हेही कळलं. मर्लला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोंडा जेवणाच्या वेळी दारात येऊन उभी राहिली, बूटसुद्धा न काढता.

"बाबांना तू जन्मभर फसवलंस," ती म्हणाली. "ते मेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं. तुझा हात धरून मेले ते! कोण होता तो? बोल ना, आई!"

पुस्तकांतल्या आया अशा वेळी खिडकीपाशी जातात, बाहेर बघतात आणि पाचपन्नास पानं बोलतात. आर्डिसच्या हातात पातेलं होतं. ती म्हणाली, "बटाटे थंड होतायत."

रोंडा गेली ती गेली. आर्डिसचे दोन फोन तिने घेतले नाहीत. तिसरा आर्डिसने केला नाही, कारण आपल्याच पोरीने आधी निकाल सांगून मग प्रश्न विचारला, हे तिच्या मनातून जाईना. ताठा दोघींचा सारखाच. तो तरी आईकडून आला होता, त्याला नळी लागत नव्हती.

आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? पुस्तकात असा माणूस चित्रकार असतो, नाहीतर युद्धावर जाणारा. हा फार्गो शहराहून यायचा आणि दूध काढायच्या यंत्राचे रबर विकायचा. एकच विनोद सगळ्या गोठ्यांत सांगायचा. एका उन्हाळ्यात मर्ल दवाखान्यात पडला होता, घर सुनं होतं, आणि जे झालं ते झालं. त्यात ना चांदणं ना व्हायोलिन.

पण एक गोष्ट रोंडाला माहीत नव्हती, आणि तीच आर्डिसला आतून कुरतडत होती. मर्लला माहीत होतं. पोटात मूल आहे हे कळल्या दिवशीच तिने गोठ्यात त्याला सगळं सांगून टाकलं होतं. मर्ल दुधाची किटली धूत होता. ती त्याने धुऊन पूर्ण केली, उपडी घातली, हात पुसले. "पोर आपल्या घरात येतंय ना?" तो म्हणाला. "मग आपलं. पण आता यावर कुणाशी बोलायचं नाही, माझ्याशीसुद्धा नाही. शब्द दे." आर्डिसने शब्द दिला आणि पाळला. पोटची पोर तोंडावर थुंकून गेली तेव्हासुद्धा पाळला. पोर आपल्याला वाईट म्हणते, याचं तिला फारसं नव्हतं. पण पोर मर्लला खुळा समजते, हे तिला सहन होत नव्हतं.

त्या महिन्यात टेसाने दुसऱ्या एका गावाहून व्हॅनने आलेलं पुस्तक निवडलं. यातल्या आईने तर नवऱ्याच्याच डोळ्यांत धूळ फेकलेली. आर्डिसने ते सगळ्यांच्या आधी घरी नेलं. "रद्दी," तिने शेवटचं पान मिटून भिंतीला सांगितलं. मग तिच्या मनात आलं की इथून ते व्हॅनने शेजारच्या गावात जाणार, आणि असलं पुस्तक रोंडा सोडणार नाही. तिने एकोणतिसावं पान काढलं, आकड्याखाली रेघ मारली, आणि रेघेखाली लिहिलं, 'मर्लला माहीत होतं.' अक्षर तिने होईल तेवढं लहान काढलं. लायब्ररीच्या पुस्तकात तिने याआधी कधी शब्द लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक परत केलं आणि पाय निघेना म्हणून मासिकं चाळत राहिली. टेसाने पुस्तक फर्रकन चाळलं, एका पानावर थांबली आणि खणातून खोडरबर काढलं.

"काय गं, काय झालं?" आर्डिसने विचारलं.

"खरडतात हो लोक! तुमच्या आधी दुसऱ्या गावात कुणीतरी लिहिलेलं असणार." टेसा खसाखसा घासत राहिली. "रेघाबिघा मी सोडून देते, म्हाताऱ्या माणसांच्या सवयी असतात. पण हे तर वाक्यच लिहिलंय. मर्लला म्हणे माहीत होतं. या पुस्तकात मर्ल कोण आहे, सांगा बरं?"

"कोणी नाही," आर्डिस म्हणाली.

टेसाने रबराचा भुगा फुंकून टाकला.

त्याच आठवड्यात घोळका जमला. या खेपेला वड्या मार्लिसच्या, वरती साखर इतकी की दात शिवशिवावेत. टेसाने प्रश्न वाचला, "या कथेत सर्वांत जास्त फसवणूक कुणाची झाली?"

"नवऱ्याची!" मार्लिसने रुमाल काढलाच. "बिचारा! दुसऱ्याचं पोर मांडीवर खेळवलं, शिकवलं, आणि त्याला पत्ताच नाही. बिचारा गं बाई!"

"भोळा होता," दुसरी म्हणाली.

"भोळा कसला, बावळट," तिसरी म्हणाली, आणि सगळ्या खुदकन हसल्या.

आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. ती या बायकांकडे बघत राहिली. छापील माणसांसाठी या पेटीभर रुमाल भिजवतील, आणि शेजारच्या घरातलं काही कळलं तर लगेच गावभर बोभाटा करतील. त्यात मार्लिस पहिली. मार्लिसच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आणि मार्लिसची भाची कामाला होती शेजारच्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात.

"माझा नवरा बिचारा नव्हता," आर्डिस म्हणाली.

"अगं, मर्लचं कोण बोलतंय?"

"मी बोलतेय. रोंडा मर्लची नव्हती."

टेसाने प्रश्नांचं पान मिटलं. आर्डिसचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज नेहमीसारखाच होता, पोरांना रांगेत उभं करणारा.

"त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच सांगितलं, गोठ्यात. तो म्हणाला, घरात येतंय ना, मग आपलं. पुन्हा त्यावर बोलायचं नाही म्हणून माझ्याकडून शब्द घेतला. तो शब्द आज मी मोडला. त्याला कोणी फसवलं नाही. सगळं ठाऊक असून त्याने तिला खांद्यावर घेऊन तळ्यावर नेलं, गळाला आमिष लावायला शिकवलं. बावळट म्हणे! तुमच्या या सगळ्या पुस्तकांत मिळून असा एक माणूस दाखवा."

मार्लिसचे डोळे कोरडे होते. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

आर्डिसने कोट चढवला, टोपी कानांवर ओढली आणि दारात वळली.

"मार्लिस, नीट ऐकलंस ना? पहिल्या दिवसापासून. सांगताना तेवढं चुकू नकोस."

घरी आल्यावर तिने पातेल्यात बटाटे टाकले आणि ते शिजेपर्यंत मर्लच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून उभी राहिली. "बोलले रे मी," ती शेवटी त्या खुर्चीला म्हणाली. "घाल काय शिव्या घालायच्या त्या." मग रडू आलं. ती रडली ती एकटी, रुमालाशिवाय, आणि तिला स्वतःचाच राग आला.

चार दिवसांनी मार्लिस किराणा दुकानात भेटली. "मी कुण्णालासुद्धा बोलले नाही हं, आर्डिस. देवाशपथ. फक्त भाचीला."

"बरं," आर्डिस म्हणाली आणि कांदे निवडत राहिली.

फोन आला नाही. दारात गाडी थांबली नाही. तळ्यावरचा बर्फ पातळ झाला, बर्फावर उभारलेली मासे धरायची खोपटी लोकांनी ओढून काठावर आणली, तरी काही नाही. आर्डिस घोळक्यात गेली नाही. पुस्तकांच्या कपाटाकडे मात्र जात राहिली.

मग एका सकाळी ते पुस्तक व्हॅनने परत आलं. परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर सगळ्यांत वर. आर्डिसने ते तिथेच, उभ्याउभ्या, हातमोजे न काढता उघडलं. आपल्या रेघेनंतर रोंडाचा गळ तिला एवढ्या वर्षांत एकाही पुस्तकात दिसला नव्हता. एकोणतिसाव्या पानावर आकडा होता, आकड्याखाली आर्डिसची रेघ, जिथे रबर घासलं तिथे कागद पांढुरका झालेला. आणि त्या पांढुरक्या जागी दोन गळ होते. एक नेहमीचा, लहान. त्याच्या शेजारी दुसरा, मोठा, तळ्यावर पोरीशेजारी बाप बसावा तसा.

शब्द एकही नव्हता.

"अय्या, कोणी चित्रं काढली पुन्हा?" टेसा मागून डोकावली. तिचा हात खणाकडे गेलाच. "माझ्या नजरेतून सुटलं बघा. द्या इकडे, पुसते."

"हात लावायचा नाही," आर्डिस म्हणाली. पुस्तक तिने छातीशी धरलं होतं. "माझ्या नावावर घाल."

"पण हे तुम्ही वाचलंय ना? रद्दी आहे म्हणालात."

"रद्दीच आहे," आर्डिस म्हणाली. "घाल नावावर."