मोदकपात्रात शिजते टिकलीचे जेवण

मित्रांनो, मी एक जुने मोदकपात्र आहे. मला पाहून तुम्हाला ते पटणार नाही. सध्या मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात, एका सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत, विजेच्या शेगडीवर बसलेलो असतो आणि माझ्या अंगाला उकडीचा नाही, लाल भोपळ्याचा वास येतो. पण माझे कुळ चांगले आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्ही मला उगाच कमी लेखणार नाही.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. खाली पाण्याचे भांडे, वर भोकाभोकांच्या दोन चाळण्या आणि डोक्यावर गोल झाकण. वैजयंतीबाईंनी मला त्यांच्या लेकीच्या, म्हणजे विनयाच्या रुखवतासाठी विकत घेतले. माझ्या पोटावर ‘चि. सौ. कां. विनयास आईकडून’ असे कोरून घेतले. लग्नाला आलेल्या बायकांनी ते वाकून वाकून वाचले. त्या दिवशी माझ्या अंगात जी ऐट शिरली, ती पुढे बरीच वर्षे उतरली नाही.

विनयाचे यजमान मुरलीधर केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. त्यांची बदली दिल्लीला झाली आणि मीही सामानाच्या ट्रकमधून इकडे आलो. इथे माझी जागा स्वयंपाकघराच्या माळ्यावर, धुतलेल्या फडक्यात. गणपतीत मला खाली काढायचे, सोवळ्याने घासायचे आणि माझ्यात उकडीचे मोदक करायचे. खालचा कुकर रोज शिट्ट्या मारून मारून दमायचा आणि मी वरून त्याची कीव करायचो. माझे कौतुकही होत असे. फक्त एकदा शेजारच्या भाभीजी माझ्यात डोकावून म्हणाल्या, “अरे वाह, मीठे मोमो!” तेव्हा मात्र माझ्या झाकणापर्यंत वाफ गेली होती.

मग एका थंडीत विनयाची मुलगी मयुरा शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून एक पिल्लू घेऊन आली. बसस्टॉपमागे एकटेच कुडकुडत होते म्हणे. रंगाने तांबूस, आणि कपाळावर नेमका पांढरा ठिपका. त्यावरून तिचे नाव टिकली पडले. कॉलनीतली मुले तिला ‘टिक्की’ म्हणतात. दिल्लीत असे व्हायचेच.

“मयुरा, आपला एकच पगार आहे, त्यात पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता,” मुरलीधर म्हणाले. “हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना झाला.”

“बाबा, ती कितीसं खाणार? बिल्कुल छोटी आहे!”

पिल्लू छोटे राहत नाही, हे मला माळ्यावर बसूनही कळत होते. पण मुरलीधर मनाने मऊ आहेत. दुसऱ्याच दिवशी ते कुत्र्यांच्या खाण्याची एक चकचकीत पिशवी घेऊन आले. तिच्यावर बर्फाचा डोंगर होता आणि निळ्या डोळ्यांचा एक रुबाबदार कुत्रा होता. किंमत ऐकून विनयाने कपाळाला हात लावला. “चांगलंच असणार ना, एवढं महाग आहे तर,” मुरलीधर म्हणाले.

ती पिशवी पहिल्या तारखेला यायची आणि पुढच्या पगारापर्यंत पुरवायची असे ठरले. टिकली वाढत होती, पिशवी तेवढीच होती. मग मुरलीधरांचा हात आखडू लागला. वाटीभर होते ते मूठभर झाले. उरलेले पोट भरायला दूध-पोळी, चहाबरोबरची बिस्किटे, कधी उरलेली आमटी. विनया मायेनेच द्यायची. टिकली सगळे चाटूनपुसून खायची आणि सगळ्यांना वाटायचे, खाते आहे म्हणजे छान चालले आहे.

छान चालले नव्हते. उन्हाळा लागेपर्यंत तिची हाडे दिसू लागली. केस गळून घरभर व्हायचे. मयुराने चेंडू फेकला तर ती चार पावले जायची आणि बसायची. तेव्हा मुरलीधरांनी जेवताना विषय काढला. त्यांचे कॉलेजचे मित्र केतन फरीदाबादला एका कारखान्यात मॅनेजर आहेत. तिथल्या आवारात टिकलीला ठेवायला ते तयार होते. “आपल्याला तिचं नीट करता येत नाहीये, हे मान्य करायला हवं. गणपती होऊ देत. तोवर सुधारली नाही तर केतन घेऊन जाईल.”

मयुरा ताटावरून उठली आणि टिकलीशेजारी जमिनीवर जाऊन बसली. मित्रांनो, मी पत्र्याचा. पण त्या रात्री मलाही वाईट वाटले.

टिकलीला अंगी लावायचेच, असा विनयाने पण केला. अशक्तपणावर तिच्या माहेरचा एक उपाय ठरलेला आहे, भिजवलेल्या काळ्या मनुका. मयुरालाही ती रोज सकाळी देते. एका सकाळी तिने मयुरासाठीच्या वाटीशेजारी दुसरी वाटी ठेवली. “घे गं माझी बाय, रक्त वाढेल,” म्हणत तिने टिकलीला तळहातावरून मनुका भरवल्या.

दुपारपासून टिकलीला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी ती मान उचलेना. मुरलीधर ऑफिसातून आले ते तसेच तिला कडेवर घेऊन रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेले. देवापुढे दिवा लावून विनया आणि मयुराही मागोमाग गेल्या; त्या रात्री घरात कुकर लागला नाही.

पुढचे मला मयुराच्या तोंडून कळले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “क्या खिलाया?” विनया म्हणाली, “मुनक्का. ताकत के लिए.” डॉक्टरीणबाईंनी हातातली वस्तू खाली ठेवली. “मॅडम, किशमिश, मुनक्का, अंगूर कुत्ते के लिए ज़हर है. किडनी चली जाती है.” विनयाला तिथेच रडू कोसळले. आपल्या हाताने, लाडाने भरवलेला घास जिवावर बेतला होता.

टिकलीला सलाइन लावले. बरेचसे उलटून पडले होते आणि वेळेत आणले होते, म्हणून ती वाचली. तिला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मुरलीधरांना समोर बसवले. “ये भूखी है, सर. पेट भर रहा है, पोषण नहीं मिल रहा. महँगा थोड़ा-थोड़ा देने से अच्छा है, साधा दो और पूरा दो.” पिशवीचा फोटो पाहू नका, मागची बाजू वाचा, असे त्यांनी सांगितले. संपूर्ण आहार असे लिहिले आहे का, आणि घटकांच्या यादीत पहिल्या नावाला मांस आहे की नुसता मका, हे बघायचे. तसले साधे कोरडे खाणे निम्मे, आणि निम्मे घरचे: भात, अंडे, कोंबडीचे स्वस्तातले तुकडे, भोपळा. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण नाही, म्हणजे आमटीही बंद. आणि शिजवलेले हाड बिल्कुल नाही.

मुरलीधर खात्यातले जुने मुरलेले माणूस. वाचायला सांगितले की ते वाचतातच. दुकानात चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक पिशवी उलटी केली. दुकानदार कंटाळून चहा प्यायला गेला. डोंगरवाल्या पिशवीवर पहिले नाव मक्याचे निघाले. नाव मोठे, लक्षण खोटे! ते घेऊन आले एक साधी खाकी पिशवी, निळ्या डोळ्यांचा कुत्रा नसलेली आणि निम्म्याहून कमी दामाची.

राहिला प्रश्न घरच्या जेवणाचा. या घरात अंडे कधी आले नव्हते. ज्या भांड्याला अंडे लागेल ते परत स्वयंपाकघरात येणार नाही, हा विनयाचा नियम. मांडणीवरचे प्रत्येक भांडे रोजच्या वापरातले. नवे घ्यायचे तर या महिन्यात दवाखान्याने खिसा रिकामा केलेला. विनयाने एकेक भांडे हातात घेऊन परत ठेवले. मग तिने स्टूल ओढले आणि माळ्यावर हात घातला.

फडके सुटले तेव्हा मला वाटले, गणपती लवकर आले यंदा! पण तिने मला थेट बाल्कनीत नेले. माझ्या खालच्या भांड्यात तांदूळ आणि कोंबडीचे तुकडे पडले, एका चाळणीवर भोपळा, दुसरीवर दोन अंडी. मित्रांनो, त्या दिवशी मी इतका रुसलो होतो की माझ्या हातात असते तर वाफच धरली नसती. नैवेद्याचे भांडे मी, आणि माझ्यात हे!

विनयालाही ते सोपे नव्हते. तिने बाल्कनीतूनच, स्पीकरवर, पुण्याला फोन लावला. “आई, तुला सांगायचं होतं... तू दिलेलं मोदकपात्र मी टिकलीसाठी काढलंय. अंडी-बिंडी शिजवायला.”

मी कान टवकारले. आता बाई रागावतील आणि माझी सुटका होईल अशी मला आशा होती.

“खालचं पाणी आटू देऊ नकोस हो,” त्या म्हणाल्या. “त्याचं बूड पातळ आहे, जळेल. आणि बरी आहे ना ती आता?”

झाले. माझी बाजू घेणारे कोणी उरले नाही.

पण खरे सांगू का? रुसवा फार दिवस टिकला नाही. रोज सकाळी मला वाफ धरू लागली की टिकली बाल्कनीत यायची आणि शेगडीपासून हातभर अंतरावर, पुढच्या पंजांवर हनुवटी ठेवून बसायची. मोदकांच्या वेळी लोक मोदकांकडे बघायचे. ही माझ्याकडे बघायची. अशा नजरेपुढे ऐट कुठवर टिकणार? मयुराने भोपळा चिरायचा, विनयाने शिजवायचे, आणि मुरलीधरांनी ऑफिसला जाण्यापूर्वी एकेक तुकडा बोटांनी चाचपून हाडे काढायची, अशी वाटणी झाली. आयुष्यात कधी कोंबडी न आणलेला हा माणूस आय.एन.ए. मार्केटात जाऊन, “कुत्ते के लिए है, भैया, हड्डी निकाल के,” असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगू लागला.

गणपतीत दीड दिवस माझी शेगडी बंद होती. त्या वेळी टिकलीला खाकी पिशवीतले खाणे आणि घरचे पनीर मिळाले. घरात तळणीचे मोदक झाले. आरती मी बाल्कनीतून ऐकली, टिकलीने तिच्या परीने सूरही लावला.

नंतरच्या रविवारी सकाळी केतनकाका गाडी घेऊन हजर झाले. गाडीत मागच्या सीटवर जुनी चादरही अंथरून आणली होती. भला माणूस. मयुरा दाराआड उभी राहिली, टिकलीच्या गळ्यात हात टाकून. टिकलीच्या अंगावर आता तुकतुकीत केस होते, पण ‘सुधारली’ हे ठरवायचे कोणी, हे मयुराला कळत नव्हते.

“काय रे मुरली, कुठाय तुझी पाहुणी? चलो, निघू या ना?”

मुरलीधर बाल्कनीत माझ्यासमोर पाटावर बसले होते. हाताची बोटे शिजलेल्या मांसात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वरही पाहिले नाही.

“थांब, यार. हे एक हाड राहिलंय.” ते काढून त्यांनी बाजूला ठेवले. मग म्हणाले, “केतन, तू बैस, चहा घे. तिला नाही पाठवत मी. तिला आता घरचं जेवण लागतं.”

मयुरा धावत आली ती बाबांच्या पाठीवरच पडली. विनयाने डोळ्याला पदर लावला. केतनकाका हसले आणि म्हणाले, “अच्छा, म्हणजे पाहुणी नाही, घरची आहे.”

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा तुमच्या गल्लीत कोणी टिकली असेल, तर या जुन्या भांड्याचे एक ऐका. तिला महागाचे हवे असे नाही. तिला सोसेल असे हवे आणि पोटभर हवे. तिला दुकानात जाता येत नाही, पिशवीची मागची बाजू वाचता येत नाही. आपण जे पुढे करू ते ती विश्वासाने खाते. त्या सकाळी मनुकासुद्धा तिने शेपूट हलवत हलवतच खाल्ल्या होत्या. म्हणून वाढण्याआधी क्षणभर थांबा आणि माहीत नसेल तर विचारा.