बाराव्या खेपेला बाबा

शाझिलियानं तो डाव अकरा वेळा खेळून बघितला होता आणि अकराही वेळा तो सुतासारखा सरळ चालला होता. अकराही वेळा तिनं एकटीनंच खेळला होता, हे मात्र ती कुणाला सांगत नव्हती. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा, घरी येऊन पेपर तपासायचे आणि उरल्यासुरल्या डोळ्यांनी कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळात आपल्याच केर्केना बेटाच्या वेढ्याचा डाव रचायचा. चार महिने हेच. शुक्रवारी समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातल्या क्लबात बारा जण तिचा डाव मांडून बसणार होते. गेल्या वर्षीचा तिचा डाव मध्येच अडकला आणि बारा माणसं तासभर लिंबाचं सरबत पीत बसली.

"परत असं झालं ना, तर तू नुसती खेळायला ये," क्लबाचा प्रमुख नाजी तेव्हा म्हणाला होता. "रचायचं दुसरं कुणी बघेल."

डाव आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. त्याआधी, आपलं मनाच्या समाधानाला, तिनं वडलांना खुर्चीवर बसवलं. बाबांनी चाळीस वर्षं ऑक्टोपस धरले होते. माऊसही त्यांनी तसाच धरला, निसटेल म्हणून.

"हे आपलं गाव, हे सैनिक, हा मनोरा. समुद्रातून लुटारू येणार, त्यांना परतवायचं. बाकी मी काही बोलणार नाही."

"नकोच बोलूस. तुझी आईसुद्धा काठावर बसून माझी होडी हाकायची."

बाबांनी सैनिक तटामागे घेतले. होड्या उथळ पाण्यात ओढल्या. चाल संपवली. पुढचीही संपवली. शाझिलियानं पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेतला. विसाव्या चालीला मान वर केली, तर समुद्र रिकामा. तिसाव्यालाही रिकामाच.

"तुझे लुटारू लग्नाला गेलेत वाटतं," बाबा म्हणाले.

"बाबा, मनोऱ्यावरचा दिवा लावलाच नाही तुम्ही?"

"नाही."

"का?"

"का म्हणजे? चोर येणार म्हणून तूच सांगितलंस. चोराला वाट दिसावी म्हणून दिवा लावू? मुलांना हाच भूगोल शिकवतेस का गं?"

दिवा लागला की लुटारूंची गलबतं निघायची, अशी गाठ तिनंच मारली होती. दिवा लागलाच नाही, तर ना हार ना जीत, नुसतं पाणी. अकरा वेळा तिनं पहिल्याच चालीला दिवा लावला होता, कारण तो लावायचा असतो हे तिला ठाऊक होतं. आणि शुक्रवारच्या बारांतले सात जण याच बेटावरच्या कोळ्यांच्या घरचे, बाबांसारखाच विचार करणारे.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पाठवायच्या बटणाशी मात्र तिचं बोट थबकलं. ही एक गाठ कळली. न कळलेल्या किती?

तिनं फोन लावला. "नाजी, शुक्रवारी माझा डाव धरू नकोस."

"अडकला?"

"माझ्या हातून नाही. बाबांच्या हातून."

"बघ हं. मग तुझी पाळी थेट रमजाननंतर."

"चालेल," ती म्हणाली. चालणार नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार.

मग तिनं स्टूल बाबांच्या पाठीमागे ओढलं, आपला चेहरा बघून त्यांनी चाल ठरवू नये म्हणून. "बाबा, परत पहिल्यापासून."

"आणि सगळ्या गावाला होड्यांत घालून सरळ स्फाक्सला नेलं तर?"

"असं कोण..." म्हणता म्हणता ती थांबली. डोळे चोळले.

"न्या," ती म्हणाली.