घाटापलीकडची फेरी

गाडीवाल्याला सगळे अण्णा म्हणत. वयाने तो काही तेवढा मोठा नव्हता. पण आजारी माणसांना आधाराला कुणीतरी अण्णा लागतोच. आठवड्यातून तीनदा तो तिघांना घाटापलीकडच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचा: एक शिंपीणबाई, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक तरुण वायरमन.

डिझेल वाढलं तेव्हा अण्णा उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू लागला. हेडमास्तर म्हणाले, "अण्णा, आम्हाला किडनीनं जायचंय. दरीत जायचं ठरलेलं नाही."

मग नाइलाजाने त्याने भाडं वाढवलं. कुणी चकार शब्द काढला नाही. पंधरवड्यात डिझेल पुन्हा वाढलं, आणि पुन्हा भाडं मागायला त्याची जीभ रेटेना.

मेहुण्याने वाट काढली. भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याला रोज मालासाठी गाडी हवी होती. डिझेल व्यापाऱ्याचं.

"अहो, हो म्हणा," बायको म्हणाली. "गाडीचा हप्ता काय आपल्यासाठी थांबून राहणार आहे?"

तो हो म्हणाला. सोमवारपासून माल न्यायचा, आणि शनिवारी तिघांना सांगून टाकायचं.

शनिवारी शिंपीणबाई कोपऱ्यावर नव्हत्या.

"त्यांनी एक फेरी कमी केलीय," वायरमन म्हणाला. "आता दोनदाच जमेल म्हणाल्या."

का, ते अण्णाने विचारलं नाही. त्याने गाडी त्यांच्या बोळात घातली. शिंपीणबाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होत्या. पाय सुजून टम्म झालेले, चपलेत मावत नव्हते. दर दोन शब्दांनी धाप लागत होती.

"अण्णा, कशाला आलात? सोमवारी येतेच ना मी."

"सोमवारी मी..." अण्णा थांबला. "चला आता. भाड्याचं नंतर बघू."

"असं किती जणांचं नंतर बघणार?"

एका बाजूने अण्णाने धरलं, दुसऱ्या बाजूने वायरमनने. हेडमास्तर दार उघडून उभे राहिले.

दवाखान्यात नर्सने बाईंना आधी यंत्रावर घेतलं. मग बाहेर येऊन ती अण्णालाच बोलली, "फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं. घरी ठेवलंच कसं तुम्ही?"

एरवी तो गाडीत डुलक्या काढायचा. आज डोळा लागेना. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"सोमवारचं जमणार नाही."

"अरे, मी शब्द दिलाय. आणि दुसरा गाडीवाला दारात उभाच आहे."

"त्याला दे."

फोन ठेवल्यावर काही चांगलं केल्यासारखं त्याला वाटलं नाही. उलट राग आला, त्या तिघांचाच. या माणसांनी एकदाचं बरं तरी व्हावं, नाहीतर... पुढचं त्याने मनातही पुरं केलं नाही. घाम पुसला आणि गाडीची काच उगाच खालीवर केली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या चादरीची तिने दोनदा घडी केली, दोनदा मोडली.

"मागची सीट रिकामी असते ना? बाजाराला जाणारं कुणी बसवा."

"येताना त्यांना गरगरतं. आळीपाळीने तिथं आडवे होतात."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"पळतं कुठे? सोडताच येत नाही."

ती चादर ठेवून स्वयंपाकाला लागली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी पंपावरच्या माणसाने विचारलं, "टाकी फुल?"

"घाट चढून परत येण्यापुरतं."

कोपऱ्यावर शिंपीणबाई सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या होत्या. शनिवारचं आणि आजचं, दोन्ही फेऱ्यांचं वाढलेलं भाडं त्यांनी काचेतून पुढे केलं. पडदे कमी पैशात का होईना, पण घाईने शिवून दिले असावेत. अण्णाला नको म्हणायचं होतं. पंपावर खिसा रिकामा झाला होता. मान खाली घालून त्याने पैसे घेतले आणि त्या नीट बसेपर्यंत थांबून गाडी घाटाकडे वळवली.